डिप्रेशनवर केशर, हळद, अश्वगंधा, सेंट जॉन्स वर्ट : पुरावा किती, कोणत्या अर्काचा, कोणत्या डोसचा?

गोदाकाठी
नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या हेल्थ स्टोअरपासून रविवार कारंजाच्या काष्ठौषधींच्या दुकानापर्यंत सगळीकडे हल्ली 'मूड'साठी काहीतरी मिळतं. केशराच्या कॅप्सूल, करक्युमिन, अश्वगंधा आणि ऑनलाइन मागवलेलं सेंट जॉन्स वर्ट. पाकिटावर नाहीतर व्हॉट्सॲपवर 'संशोधनाने सिद्ध' असं लिहिलेलं असतं. कुठलं संशोधन, किती माणसांवर, कशाशी तुलना करून, हे कुणी लिहीत नाही. ते इथे एका जागी जमवू.

विनंती एकच. 'आमच्या मावशीला गुण आला' छापाचे प्रतिसाद नकोत, 'सगळं थोतांड आहे' हेही नको. वनस्पती, अर्क, डोस, किती आठवडे आणि काय बिघडू शकतं, एवढं लिहा.

आणि एक आधीच सांगते. जगणं नको वाटत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर हा धागा वाचत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. नाहीतर घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन सरळ त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय गाठा.

आकडेमोड
सेंट जॉन्स वर्टपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त अभ्यास त्याचाच झालाय. झाडाचं शास्त्रीय नाव हायपेरिकम परफोरेटम. पिवळ्या फुलांचं झुडूप, मूळ युरोपचं, आपल्याकडे हिमालयातही उगवतं.

२००८ चा कॉक्रेन आढावा (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) : २९ चाचण्या, ५,४८९ रुग्ण. निष्कर्ष असा की सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये अर्क प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) सरस, नेहमीच्या गोळ्यांच्या बरोबरीचा, आणि दुष्परिणामांमुळे मधेच सोडणारे कमी. इथपर्यंतचं सगळे फॉरवर्ड करतात. त्याच आढाव्यात पुढे लिहिलंय की जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतर देशांपेक्षा ठळकपणे चांगले आहेत. हे असं का, याचा उलगडा झालेला नाही. तिथे सौम्य रुग्ण जास्त घेतले गेले असतील, किंवा छोट्या चाचण्यांनी आकडा फुगवला असेल.

दुसऱ्या बाजूला २००२ ची अमेरिकेतली मोठी चाचणी : ३४० रुग्ण, ८ आठवडे, तीन गट. पूर्ण प्रतिसाद प्लासिबो गटात ३१.९ टक्के, हायपेरिकम गटात २३.९ आणि सर्ट्रालिन (डिप्रेशनची मान्यताप्राप्त गोळी) गटात २४.८. म्हणजे साखरेची गोळी पहिली आली! विरोधक ही चाचणी 'वनस्पती फेल' म्हणून दाखवतात. पण मान्यताप्राप्त गोळीही तिथे फेलच आहे. जिथे माहीत असलेलं औषधही वेगळं उठून दिसत नाही, ती चाचणी दुसऱ्या कशाबद्दल ठाम निकाल देऊ शकत नाही. तेव्हा माझं मत : सौम्य-मध्यम आजारात पुरावा बऱ्यापैकी, तीव्र आजारात भरवसा ठेवण्याइतका नाही.

डोस : ३०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, ०.३ टक्के हायपेरिसिनला (झाडातला एक घटक) प्रमाणित केलेला अर्क. एलआय १६०, डब्ल्यूएस ५५७० ही तपासलेल्या अर्कांची नावं. पाकिटावर नुसतं 'सेंट जॉन्स वर्ट पावडर ५०० मिग्रॅ' असेल तर वरचा एकही आकडा त्याला लागू नाही.

फार्मसिस्ट_नाशिकरोड
आकडेमोड यांनी गुणाचं लिहिलं, मी गोंधळाचं लिहितो. कारण या झाडाचा धोका ते एकटं घेतल्यावर कमी आणि दुसऱ्या औषधांसोबत घेतल्यावर जास्त.

यातला हायपरफोरिन हा घटक यकृतातलं औषधं फोडणारं एन्झाइम (सीवायपी ३ए४) आणि आतड्यातला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप, दोन्ही वाढवतो. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन ज्या वाटेने हे करतं त्याच वाटेने. परिणाम असा की बाकीची औषधं रक्तात पोचेपर्यंत अर्धीमुर्धी होतात.

२००० साली झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन रुग्णांच्या रक्तातली सायक्लोस्पोरिनची (शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात ते औषध) पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. दोघेही सेंट जॉन्स वर्ट घेत होते. त्याच वर्षी इंडिनाव्हिर या एचआयव्हीच्या औषधाची रक्तातली एकूण मात्रा ५७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. इंडिनाव्हिर आता कुणी देत नाही, पण सध्याच्या डोल्युटेग्राव्हिरच्या माहितीपत्रकातही याच झाडाबद्दल इशारा आहे.

काउंटरवर विचारायचेच असे प्रश्न :
– गर्भनिरोधक गोळी चालू आहे का? (माला-डी, माला-एन, खासगी कंपनीची, कुठलीही.) मधेच रक्तस्राव होणं ही गोळी कमी पडत असल्याची खूण असू शकते. नको असताना दिवस राहिल्याच्या नोंदी आहेत.
– वॉरफरिन (रक्त पातळ करणारं), डिगॉक्सिन, टॅक्रोलिमस, फिट्सच्या किंवा कॅन्सरच्या गोळ्या?
– डिप्रेशनची गोळी आधीच चालू आहे का? एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांच्यासोबत सेंट जॉन्स वर्ट अजिबात नाही. दुखण्यावरचं ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनसुद्धा याच यादीत.

हे शेवटचं लोकांना पटत नाही. 'दोन्ही मूडचीच औषधं, मग लवकर बरं वाटेल' असा हिशोब असतो. प्रत्यक्षात सिरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो : हातपाय थरथरणं, घाम, जुलाब, ताप, पायाच्या स्नायूंना आपोआप झटके, जीव घाबरणं. बहुतेक वेळा नवं औषध सुरू केल्यापासून किंवा डोस वाढवल्यापासून २४ तासांच्या आत. असं दिसलं तर दोन्ही बंद आणि थेट हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

थांबवल्यावरही एन्झाइम लगेच खाली येत नाही, साधारण दोन आठवडे लागतात. उलटी अडचण तिथे : वॉरफरिनचा डोस झाडाच्या हिशोबाने वाढवलेला असेल आणि झाड अचानक बंद केलं, तर रक्त गरजेपेक्षा पातळ होतं. पुढचे दोन आठवडे आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) पुन्हा पुन्हा बघावा लागतो.

सिडकोकर
होमिओपॅथीच्या दुकानात 'हायपेरिकम' मिळतं. तेच का हे? त्यालाही एवढ्या भानगडी?

फार्मसिस्ट_नाशिकरोड
झाड तेच. ३० किंवा २०० पोटन्सीत झाडाचा अंश मोजता येईल असा उरत नाही, त्यामुळे वर लिहिलेला गुणही नाही आणि भांडणही नाही. मात्र बाटलीवर 'मदर टिंक्चर' किंवा 'क्यू' असेल तर तो खराखुरा अर्क असतो, अल्कोहोलमधला. त्यात हायपेरिसिन किती, हे लिहिलेलं नसतं. तो 'होमिओपॅथी आहे, काही होत नाही' म्हणून गोळ्यांसोबत घेऊ नये.

हायपरफोरिन मुद्दाम कमी ठेवलेले अर्कही आहेत (झेडई ११७). त्यांची इतर औषधांशी गाठ कमी पडते. पण गंगापूर रोडच्या दुकानात उभं राहून डब्यावरून ते ओळखता येईल, असं समजू नका.

गोदाकाठी
दोघांचेही आभार. आता केशर? इथे सगळ्यात जास्त खपतं ते.

आकडेमोड
केशरावरचं सुरुवातीचं बरंचसं काम तेहरानचं. २००४ : ३० रुग्ण, केशराचा अर्क ३० मिग्रॅ विरुद्ध इमिप्रामिन (डिप्रेशनची जुनी गोळी) १०० मिग्रॅ, ६ आठवडे. २००५ : ४० रुग्ण, प्लासिबोशी तुलना. त्याच वर्षी आणखी ४० रुग्णांवर, अर्क ३० मिग्रॅ विरुद्ध फ्लुओक्सेटिन २० मिग्रॅ. प्लासिबोपेक्षा सरस, गोळ्यांइतकंच, असा सूर. पुढे ऑस्ट्रेलियात २८ मिग्रॅच्या प्रमाणित अर्कावर काम झालं.

'गोळ्यांइतकंच' या शब्दावर थांबा. एका गटात १५ आणि दुसऱ्यात १५ माणसं असताना फरक सापडला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. डिप्रेशनच्या गोळ्या आणि प्लासिबो यांच्यातला सरासरी फरक साधारण ०.३ प्रमाण-विचलनाचा (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) असतो. एवढा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा तर एका गटात १७५ च्या आसपास माणसं लागतात. (सूत्र सोपं आहे : १६ भागिले फरकाचा वर्ग.) १५ माणसांत हत्ती सापडेल, मुंगी नाही.

प्लासिबोशी केलेली तुलना त्यामुळे जास्त बोलकी, आणि तिथे केशराचं पारडं जड दिसतं. पण छोट्या चाचण्या, थोडेच संशोधक गट, कमी आठवडे. आशादायक म्हणेन, सिद्ध म्हणणार नाही. वर्षभर केशर घेतल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं का, यावर हात ठेवण्यासारखं काही नाही.

सिडकोकर
म्हणजे रात्री दुधात चार काड्या टाकल्या तर?

रविवारकारंजा
एका ग्रॅममध्ये साडेचारशे ते पाचशे काड्या बसतात. एक काडी धरा २ मिग्रॅ. चार काड्या म्हणजे ८-९ मिग्रॅ. चाचणीत होता ३० मिग्रॅ अर्क, आणि अर्क काढताना काडीतला न विरघळणारा भाग मागे राहतो, म्हणजे काड्या ३० मिग्रॅपेक्षा जास्तच लागल्या असणार. तुमचं दूध मसाला दूध आहे, डोस नाही.

आणि हे केशर खरं असेल तर! नकली मालात काय काय असतं : करडईच्या रंगवलेल्या पाकळ्या, मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस, आणि सगळ्यात बेमालूम म्हणजे केशराच्याच फुलातले पिवळे तंतू लाल करून. वजन वाढवायला तेल किंवा मध चोळलेला असतो, तो काड्या कागदात दाबल्या की डाग पाडतो.

घरी बघायचं तर कोमट पाण्यात ५-६ काड्या टाका. खरं केशर सावकाश सुटतं, दहा-पंधरा मिनिटांत पाणी सोनेरी पिवळं होतं आणि काडी तरी लालच राहते. टाकल्या टाकल्या पाणी लालभडक झालं आणि काडी फिकी पडली, तर रंग आहे. काडीचं एक टोक तुतारीसारखं पसरट असायला हवं, करडईची पाकळी तशी नसते. या चाचणीने ढोबळ भेसळ कळते, प्रत कळत नाही. प्रत आयएसओ ३६३२ प्रमाणे प्रयोगशाळेत रंगाच्या तीव्रतेवरून ठरते. तो अहवाल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्या. पूड कधीच घेऊ नका.

फार्मसिस्ट_नाशिकरोड
वरची मर्यादा पण लिहून ठेवतो. स्वयंपाकातलं केशर निर्धोक. ५ ग्रॅमच्या पुढे विषारी परिणाम सांगितलेत. गरोदरपणात औषधी डोस नको. बायपोलर आजार असेल तर केशर काय किंवा सेंट जॉन्स वर्ट काय, मूड वर नेणारं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये, उन्माद उसळू शकतो.

गोदाकाठी
हळद. हा तर आपल्या घरचाच विषय.

आकडेमोड
घरचाच, म्हणून हिशोब घरच्या चमच्याने करू. चाचण्यांमधला डोस करक्युमिन ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्के. चहाचा सपाट चमचा ३ ग्रॅमचा धरला तर ९० मिग्रॅ. १,००० मिग्रॅसाठी रोज ११ चमचे हळद! वायगावची ६ टक्क्यांच्या आसपासची घेतली तरी पाच-सहा चमचे. त्यामुळे 'आपण रोज आमटीत हळद खातो, आपल्याला डिप्रेशन कसं' हा युक्तिवाद सोडून द्यायचा.

भावनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजची चाचणी बऱ्याचदा पुढे केली जाते : ६० रुग्ण, ६ आठवडे, तीन गट. प्रतिसाद फ्लुओक्सेटिन ६४.७ टक्के, करक्युमिन ६२.५, दोन्ही मिळून ७७.८. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही आणि प्लासिबो गटच नव्हता. कोणती गोळी मिळतेय हे रुग्णाला माहीत होतं, फक्त तपासणाऱ्याला नव्हतं. अशा मांडणीत ६० टक्के प्रतिसादातला किती औषधाचा आणि किती दर आठवड्याला कुणीतरी आस्थेने विचारण्याचा, हे वेगळं काढता येत नाही. ऑस्ट्रेलियातली २०१४ ची ५६ जणांची चाचणी प्लासिबोसोबत होती. तिथे पहिल्या चार आठवड्यांत काहीच फरक नाही, फरक दिसला तो ४ ते ८ या आठवड्यांत.

फार्मसिस्ट_नाशिकरोड
करक्युमिन आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. म्हणून कंपन्या त्यात मिऱ्यातलं पायपेरिन घालतात. १९९८ च्या बेंगळुरूच्या प्रयोगात २० मिग्रॅ पायपेरिनने माणसांमध्ये शोषण २,००० टक्क्यांनी वाढलं. ही संख्या डब्यावर अभिमानाने छापतात. पायपेरिन फक्त करक्युमिनवरच मेहेरबान नसतं, हे छापत नाहीत. फेनिटॉइन (फिट्सचं), प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाबाचं), थिओफायलिन (दम्याचं) यांचीही पातळी ते वाढवतं.

दुसरं, यकृत. इटली आणि अमेरिकेतून जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांमुळे हेपॅटायटिस झाल्याच्या नोंदी आहेत, त्यातल्या बऱ्याच रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार सापडला. भाजीतल्या हळदीचा याच्याशी संबंध नाही. लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं : यातलं काहीही दिसलं की कॅप्सूल बंद आणि एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्यायची.

वैद्य_पंचवटी
इतका वेळ वाचत होतो. वर जे चाललंय ते वनस्पतींचं परीक्षण आहे, आयुर्वेदाचं नाही. एकच वनस्पती, सगळ्यांना एकच डोस, सहा आठवडे, ही आमची चिकित्सा नव्हे. अग्नी, कोष्ठ, झोप बघितल्याशिवाय अश्वगंधासुद्धा देत नाहीत. ज्याला भूक नाही, जिभेवर जाड थर आहे, त्याला जड अश्वगंधा दुधातून दिली तर पोट बिघडतं आणि तो म्हणतो आयुर्वेदाने गुण नाही.

आकडेमोड
वैद्यबुवा, मान्य. पण 'प्रत्येकाला वेगळी औषधं' हे चाचणी न करण्याचं कारण होऊ शकत नाही. चिठ्ठी टाकून निम्मे रुग्ण संपूर्ण वैद्यकीय योजनेला द्यायचे, निम्मे दुसऱ्या उपचाराला, दोघांनाही खोट्या गोळ्या जोडीला, म्हणजे कुणाला काय मिळतंय ते कळत नाही. संधिवातात हे झालंय : कोइम्बतूर, २०११ मध्ये प्रसिद्ध, ४३ रुग्ण, प्रत्येकाला वैद्याने ठरवलेलं वेगळं औषध विरुद्ध मेथोट्रेक्सेट (संधिवाताचं नेहमीचं औषध). मांडणी जमते, हे तिथे दिसलं. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे. डिप्रेशनवर इथे असं काम का उभं राहू नये?

वैद्य_पंचवटी
राहावं, माझी ना नाही. फक्त एमडीच्या प्रबंधात ३०-४० रुग्णांच्या पुढे जायला पैसा आणि वेळ दोन्ही नसतो.

अश्वगंधेबद्दल नेमकं लिहितो. मुळांचं चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, दुधातून. बाजारातला अर्क ३०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा. २०१२ ची जी चाचणी सगळीकडे दाखवतात ती ६४ जणांवर, ६० दिवसांची, आणि ती ताणावर होती. डिप्रेशनचं निदान झालेल्यांवर नव्हती. ताण कमी झाला म्हणून डिप्रेशन बरं होतं, असं मीही म्हणणार नाही.

गडबड कुठे होते : अर्काची सुटी पावडर आता डब्यात मिळते. जुन्या सवयीने लोक ती चूर्णासारखी चमच्याने घेतात. ५ ग्रॅम चूर्ण ठीक, ५ ग्रॅम अर्क म्हणजे चाचणीतल्या रोजच्या डोसाच्या आठपट. आणि पानं घातलेला माल टाळा. आयुर्वेदात मूळ वापरतात.

ओपीडी_१२
वैद्यांना दुजोरा. त्यात दोन भर : यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अश्वगंधेच्याही आहेत (२०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून मिळून ५ रुग्णांची मालिका, नंतर भारतातूनही), आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदी जरा अतिच झाली, हे माझं वैयक्तिक मत. पण थायरॉइडचा मुद्दा खरा आहे. ती टी४ हे थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) चालू असेल तर अश्वगंधा सुरू करण्याआधी आणि ६-८ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करावी.

उलट बाजूही बघा. उदास, थकलेलं, सुस्त वाटणं हे मुळात थायरॉइड कमी असण्याचं, बी-१२ किंवा हिमोग्लोबिन कमी असण्याचंही लक्षण असतं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता अगदी नेहमीची. कुठलीही कॅप्सूल विकत घेण्याआधी टीएसएच, बी-१२, सीबीसी आणि साखर या चार तपासण्या कराव्यात. त्यातून कारण सापडलं तर केशराचे पैसे वाचतात.

सिडकोकर
ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी? मेडिकलमध्ये सिरप मिळतात सगळ्यांची.

वैद्य_पंचवटी
ब्राह्मीचा (बॅकोपा) अभ्यास स्मरणशक्तीवर झालाय, ३०० मिग्रॅ अर्क, १२ आठवडे. डिप्रेशनवर आधार तोकडा. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून बऱ्याचदा मंडूकपर्णी मिळते, ती वेगळी वनस्पती, तेव्हा बाटलीवरचं शास्त्रीय नाव वाचा. जटामांसी आणि तगर झोपेसाठी ठीक. पण क्लोनाझेपाम (झोप आणणारी, चिंता कमी करणारी गोळी) चालू असेल तर दोन्हींची सुस्ती एकमेकींत मिसळते. अंबडच्या कारखान्यांत नाइट शिफ्टला दुचाकीवर जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

फार्मसिस्ट_नाशिकरोड
शंखपुष्पीचं मुंबईचंच काम आहे, १९९२ चं. फिट्सचे रुग्ण फेनिटॉइनवर स्थिर होते, शंखपुष्पीचं सिरप सुरू केल्यावर फिट्स परत आल्या. फिट्सची गोळी चालू असेल तर शंखपुष्पी नको.

सारस्वतारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांच्याबद्दलही. अरिष्टात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण ५ ते १० टक्के. २० मिली डोस ८ टक्क्यांचा धरला तर दीड मिलीच्या वर. एरवी किरकोळ. पण दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याला तेवढ्यानेही तोंड लाल होणं, धडधड, उलट्या, रक्तदाब पडणं होऊ शकतं. दारू आणि उदासी बऱ्याचदा एकाच घरात असतात, म्हणून हे विचारायलाच हवं. मधुमेह्यांनी त्यातला गूळही मोजावा.

वैद्य_पंचवटी
बरोबर. त्या रुग्णाला अरिष्टाऐवजी चूर्ण किंवा वटी द्यावी.

अजून एक कुणी लिहिलं नाही : सर्पगंधा. रक्तदाबाच्या काही आयुर्वेदिक गोळ्यांत असते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिच्यावरचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि ती जगभर गेली. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. मग ५० च्या दशकात रिसर्पिन घेणाऱ्यांना उदासी येते असे अहवाल येऊ लागले.

ओपीडी_१२
आणि त्यातूनच मेंदूतल्या रसायनांच्या कमतरतेचा सिद्धांत उभा राहिला! ते अहवाल नंतरच्या कसोटीवर तितके पक्के ठरले नाहीत, हेही खरं. तरी डिप्रेशन असलेल्या माणसाच्या बीपीच्या गोळीत सर्पगंधा आहे का, हे बघून बदलून घेण्यात तोटा काहीच नाही.

आता पद्धतीचं लिहितो. एखाद्याला वनस्पती घ्यायचीच असेल तर आधी आजार मोजा. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ गंभीरकडे झुकणारा, २० आणि पुढे तीव्र. नवव्या प्रश्नाला (मरणाचे विचार) शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर बेरीज कितीही असो, वनस्पतीचा विषय तिथेच बंद आणि डॉक्टर. बेरीज १५ किंवा जास्त असेल तरी तेच.

सौम्य गटात, डॉक्टरांना सांगून, एका वेळी एकच उत्पादन. दोन सुरू केली तर गुण कुणाचा आणि पुरळ कुणामुळे, कळत नाही. दर दोन आठवड्यांनी तोच तक्ता भरायचा. ६ आठवड्यांत बेरीज निम्मी झाली नाही तर पुढचं पाकीट आणायचं नाही. मधेच ५ ने वाढली तर ६ आठवडे थांबायचं नाही.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वनस्पतीने होत नाही, चालू गोळी अचानक बंद केल्याने होतं. 'हर्बल सुरू केलं, आता इंग्लिश गोळी नको.' तीन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, चिडचिड, झोप उडणं. लोकांना वाटतं गोळीची सवय लागली होती. काही आठवड्यांनी मूळ आजार परततो तो वेगळाच. बरं वाटायला लागल्यावरही गोळी निदान ६ ते ९ महिने चालू ठेवतात आणि मग टप्प्याटप्प्याने उतरवतात. गोळीवरून सेंट जॉन्स वर्टवर जायचं तर मधे दोन आठवडे मोकळे लागतात, फ्लुओक्सेटिन असेल तर पाच, कारण ते शरीरातून फार हळू जातं. हे मोकळे आठवडे धोक्याचे. एकट्याने करायचं काम नाही.

निफाडकर
तालुक्यातल्या लोकांसाठी एक व्यवहाराचं जोडतो. घरात कुणी उदास असेल तर उपचार कुठलाही चालू असो, फवारणीची औषधं घरात ठेवू नका. मळ्यावरच्या खोलीत कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. छाटणीनंतर आणि अवकाळी पावसात घरात बाटल्या जास्त असतात, नेमका ताणही तेव्हाच जास्त. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवणं एकदम बंद.

ओपीडी_१२
निफाडकर, अगदी महत्त्वाचं. ते डोस आणि अर्काच्या चर्चेपेक्षा वर असायला हवं होतं.

गोदाकाठी
पहिल्या पोस्टमध्ये वर जोडते. लेबलबद्दल कुणी सांगेल का?

रविवारकारंजा
दोन प्रकार. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी नंबर असेल तर ते अन्न आहे. कॅप्सूलसारख्या पूरक आहारावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं बंधनकारक आहे, बारीक अक्षरात शोधा. पुढच्या बाजूला 'डिप्रेशन घालवते' आणि मागे ही ओळ असेल तर उत्पादक नियम मोडतोय. दुसरा आयुर्वेदिक औषधाचा : उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख, प्रत्येक घटकाचं नाव आणि वजन. 'प्रोप्रायटरी ब्लेंड ५०० मिग्रॅ, त्यात ११ वनस्पती' असं असेल तर कुठल्या वनस्पतीचे किती, ते कळायला मार्ग नाही. तो माल ठेवून द्या.

रामकुंडाजवळ आणि त्र्यंबकेश्वरला रस्त्यावर सुट्या जडीबुटी मिळतात, सिंहस्थात तर रीघ लागेल. त्यात भेसळीपेक्षा ओळखीची चूक जास्त होते, आणि बुरशीची. मूळ मोडल्यावर आत काळं किंवा कुबट वासाचं असेल तर घेऊ नका.

आकडेमोड
जड धातूंचाही आकडा घ्या : २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसौषधी (धातू, पारा घालून केलेलं औषध) असेल तर बॅचचा अहवाल मागा.

आणि 'आमच्या उत्पादनावर चाचणी झाली' असं कंपनी म्हणाली, तर सीटीआरआयवर नोंदणी क्रमांक तपासा. ही औषधचाचण्यांची भारतीय नोंदवही २००७ पासून आहे, बघायला पैसे पडत नाहीत. नोंदणीत मुख्य मोजमाप काय लिहिलं होतं आणि छापील जाहिरातीत काय दाखवलंय, ते शेजारी शेजारी ठेवा. नोंदणीत 'हॅमिल्टन स्केल (डिप्रेशन मोजण्याचा तक्ता), ८ आठवडे' आणि जाहिरातीत 'झोपेचा दर्जा, ४ आठवडे' असेल तर हॅमिल्टनमध्ये काही हाती लागलं नाही, असं समजायला हरकत नाही.

सिडकोकर
शेवटचा प्रश्न. दुष्परिणाम झाला तर कळवायचं कुठे? दुकानदार तर 'पथ्य पाळलं नसेल' म्हणतो.

फार्मसिस्ट_नाशिकरोड
१८००-१८०-३०२४, औषध दुष्परिणाम नोंदवण्याचा केंद्राचा टोल फ्री नंबर. रुग्ण स्वतः कळवू शकतो. जवळ ठेवायचं : पाकीट बॅच नंबरसकट, उरलेल्या कॅप्सूल, सुरू केल्याची आणि त्रास झाल्याची तारीख, सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. पाकीट फेकलं असेल तर बिलावर बॅच नंबर असतो, म्हणून बिल मागूनच घ्या.